दुपारी बाराची तारीख

सोमवार, ४ मार्च

नवी वही. जुनीत चार पानं शिल्लक होती, पण हे काम वहीच्या शेपटाला सुरू करायला मन घेईना.

सातव्या आवृत्तीचं काम आजपासून माझ्याकडे आलं. थोरल्यांनी सकाळी फोन केला. "सही करायची किल्ली तुझ्याकडे पाठवलीय. आता दर गोष्ट मला विचारत बसू नकोस." किल्ली म्हणजे एक गुप्त फाइल; तिनं सही केली की फाइल आमचीच आहे हे कुणालाही पडताळता येतं. थोरले म्हणजे ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ही ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या घरच्या टेबलावर सुरू केली ते. कुणीही फुकट घ्यावी, कुणीही आत डोकावून बघावी, सुधारावी, अशी. आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतो. मी दुपारी एक ते आठ ग्रंथालयात सूची करते. सकाळ या कामाची.

नव्या वहीत सगळं मुळापासून लिहायची माझी खोड आहे, म्हणून लिहिते. आमचा मूळ सर्व्हर लहान आहे. हजारो लोक एकदम आले तर तो मान टाकेल. म्हणून एकतीस ठिकाणी भल्या माणसांनी आपापल्या मशीनवर आमच्या फाइलींच्या प्रती ठेवल्या आहेत. त्यांना मिरर म्हणतात. लोक जवळच्या मिररवरून घेतात. नवी आवृत्ती मिररवाल्यांना आठवडाभर आधी द्यायची, त्यांनी ती दार बंद ठेवून उतरवून घ्यायची, आणि ठरल्या दिवशी दुपारी बाराला सगळ्यांनी एकदम दार उघडायचं. उतरवून झाली की एका शब्दाचा निरोप धाडायचा: "पोचलं." ही थोरल्यांची पद्धत. मला ती फार आवडते. एकतीस वेळा "पोचलं" वाचलं की मग दिवस उजाडला असं वाटतं.

आपल्याला जमेल का? जमेल. पण थोरल्यांनी मला निवडलं ते मी नीटनेटकी म्हणून की दुसरं कुणी हो म्हणेना म्हणून, हे विचारायचं राहिलं.

गुरुवार, ७ मार्च

आज एक छोटी सुधारणा केली. आत्तापर्यंत प्रत्येक फाइलवर ती तयार झाली ती वेळ असायची: एकीवर मंगळवार सकाळ, एकीवर बुधवार सायंकाळचे सहा वाजून सतरा मिनिटं. यादी कशी पसरट दिसायची, घाईत आवरलेल्या खोलीसारखी. आता मी असं केलंय की कुठलीही फाइल कधीही बनो, तिच्यावर प्रकाशनाचीच वेळ पडेल: २२ मार्च, दुपारचे बारा. मुख्य फाइलचा आकारही शेवटी रिकामी जागा भरून गोल केला, म्हणजे आत थोडं कमीजास्त झालं तरी बाहेरून आकडा तोच. यादी सरळ रेषेत आली.

थोरल्यांना दाखवली. म्हणाले, "सुंदर. तारीख खोटी आहे, पण सुंदर."

"खोटी कशी? त्याच दिवशी बाहेर येणार ना?"

"बरं बाई."

घरीही हाच हुरूप चाललाय. रविवारी आईची कपाटं आवरली. सारख्या आकाराचे डबे आणले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या: मोजमाप, धारदार, चिकट, दोरे. आई चौऱ्याहत्तरची आहे, अजून शेजारणींचे कपडे उसवून-शिवून देते. तिचा जुना शिवणाचा डबा म्हणजे नुसती खिचडी होती. ती म्हणाली, "दुकान झालं गं अगदी." मला ते कौतुक वाटलं.

सोमवार, ११ मार्च

आईची कात्री सापडेना. अर्धा तास तिची शोधाशोध चालली होती. मी कामात होते. शेवटी उठून "धारदार" डब्यातून काढून दिली. ती हातात घेऊन बघत राहिली.

"इथे मी कधी ठेवली?"

मी सांगणार होते, पण फोन वाजला.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी दहाला सातवी आवृत्ती मूळ सर्व्हरवर ठेवली, सही केली.

आता मिररवाल्यांचे प्रोग्रॅम येऊन घेऊन जातील. नव्या आवृत्तीसाठी ते रविवारपासून रोज पहाटे येतात, आमच्याकडची यादी आणि आपल्याकडची यादी शेजारी ठेवून बघतात. नाव तेच, आकार तोच, तारीख तीच, तर फाइल तीच समजून पुढे जातात. वेगळं दिसलं तेवढंच उचलतात. आत वाचत बसत नाहीत, वाचायला बसले तर दिवस मावळेल. काही उत्साही मंडळी प्रोग्रॅमची वाट न बघता स्वतःच येऊन घेऊन जातात. आज सायंकाळपर्यंत असे नऊ जण येऊन गेले. पहिले अर्थातच तळघरकाका.

तळघरकाका एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचे, निवृत्त झाले, पण तिथल्या तळघरात आमचा मिरर एकोणीस वर्षं चालवतात. एकतिसातला सर्वांत जुना. मी त्यांना बघितलेलं नाही. आवाज ठाऊक आहे, कारण काकांना फोन लागतो. प्रत्येक फाइलचा एक ठसा असतो, चौसष्ट अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलीत एक टिंब बदललं तरी ओळ पार बदलते. तो ठसा आम्ही फाइलच्या शेजारीच ठेवतो, आणि पडताळणी मशीन करतं. काकांना मात्र तो माणसाच्या तोंडून ऐकायचा असतो. थोरले दर वेळी त्यांना वाचून दाखवायचे. मला वाटतं ते लाड होते.

शनिवार, १६ मार्च

हे शांतपणे लिहायचं आहे.

सकाळी साडेदहाला औषधवाल्यांचा फोन. त्यांचं औषधांचं दुकान आहे. मागच्या खोलीत सहा जुनी मशीनं मांडून ते आमची चाचणी करतात.

"ताई, बसलायत ना?"

"उभी आहे. बोला."

"मग बसा. मशीनमध्ये दोन डिस्क असल्या की आपलं इन्स्टॉलर परवानगी मागतं एकीची आणि पुसतं दुसरीला."

मी बसले. सिस्टिम बसवताना एक डिस्क कोरी करावीच लागते, पण ती मालकानं निवडलेली. दोन डिस्क असणारे थोडे, पण जे असतात ते दुसऱ्या डिस्कवर जपायच्याच गोष्टी ठेवतात.

चूक एका ओळीची निघाली. दुपारी बाराच्या आत फाइल पुन्हा तयार केली, औषधवाल्यांनी चार मशीनवर दोन-दोनदा लावून बघितली, मी सही केली, आणि जुन्या फाइलच्या जागी त्याच नावाने ठेवून दिली. ठशाची फाइलही बदलली.

नियमाने बघायचं तर हिला ७.०.१ म्हणायला हवं होतं. मी त्यावर विचार केला. पण जी वस्तू अजून लोकांत गेलीच नाही तिला दुसरा नंबर कशाला? माझी पहिलीच आवृत्ती, आणि जन्मतःच ठिगळ लावलेली? हे दुसरं कारण मी स्वतःपाशी कबूल करते. पहिलं कारणही खरं आहे.

नऊ जणांकडे जुनी गेली आहे खरी. पण पहाटे त्यांचे प्रोग्रॅम येतील, नवी दिसेल, बदलून नेतील. दारं शुक्रवारपर्यंत बंदच आहेत.

औषधवाले फोन ठेवताना म्हणाले, "कळवलंत ना मिररवाल्यांना?"

"बघते," म्हटलं.

कळवलं तर घाबरतील, निम्मे जण हातानं खटपट करतील, गोंधळ वाढेल. जे आपोआप होणार आहे त्याचा गवगवा नको. तरी हा परिच्छेद मी दोनदा वाचला.

रविवार, १७ मार्च

"पोचलं" यायला लागलं. सकाळपासून चौदा. प्रत्येकासमोर बरोबरची खूण केली. फार दिवसांनी दुपारी चांगली झोप लागली.

आई आज तिची मोजपट्टी शोधत होती. "मोजमाप" डब्यात आहे, समोर चिठ्ठी आहे. पण ती जुन्या शिवणाच्या डब्याच्या जागीच हात घालते. मी काढून दिली, तिनं काम केलं, मी परत डब्यात ठेवली. ती म्हणाली, "हल्ली माझ्या हातांना काय झालंय कळत नाही. ठेवतात एकीकडे, सांगतात दुसरीकडे."

वय आहे, असं म्हणून मी तिची समजूत घातली.

मंगळवार, १९ मार्च

सव्वीस आले. तळघरकाकांचं नाही. आश्चर्य आहे, फाइल सगळ्यांत आधी त्यांनीच नेली. साडेअकराला त्यांचा फोन आला, मी ग्रंथालयाला निघायच्या गडबडीत.

"ताई, जरा ठसा वाचून घ्यायचा होता."

"काका, ठशाची फाइल तुमच्याकडे आहे ना शेजारीच? मशीन पडताळतंच की."

"पडताळतं. माझ्याकडची फाइल माझ्याकडच्या ठशाशी. म्हणजे उत्तरपत्रिका माझी आणि तपासणारा पण मीच. तुमच्या तोंडून ऐकलं की बरं."

"उद्या करू या का? सकाळी?"

"करू की." मग म्हणाले, "घाई नाही. माझ्याकडूनच काही चुकलंय का ते बघायचं होतं."

"तुमच्याकडून काय चुकणार काका," असं मी हसून म्हटलं आणि चपला घातल्या.

बुधवार, २० मार्च

काकांचे दोन फोन येऊन गेले. पहिला आला तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात होते. दुसरा मी घेतला नाही. प्रकाशनाच्या निवेदनाची शेवटची ओळ जमत नव्हती. हे कारण पुरेसं नाही हे लिहितानाच कळतंय.

दवाखान्यात आई स्वतःहून गेली. डॉक्टरांना म्हणाली, "मला विसरायला होतंय. कात्री, पट्टी, चष्म्याचं घर. घरातल्या घरात परक्यासारखं वाटतं." डॉक्टरांनी तिला वार, महिना, भाजीवाल्याचा भाव, सगळं विचारलं. तिनं धडाधड सांगितलं. भावाबद्दल तर भांडलीच. तरी ती आग्रह धरून बसली तेव्हा त्यांनी कसल्याशा गोळ्या दिल्या. मी बाहेर आल्यावर म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना सगळं जागच्या जागी ठेवायला.

सायंकाळी ग्रंथालयातूनच यादी बंद करायची होती. नियम असा की बुधवारी सहापर्यंत ज्याचं "पोचलं" आलं नाही त्याचं नाव प्रकाशनाच्या यादीतून काढायचं. तीस आले. काकांचं नाही. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी थांबले. पण एकासाठी वाकवला तर तो नियम कसला? काढलं. यादीतून नाव गेलं की आमची पत्रंही त्या पत्त्यावर जात नाहीत, ते आपोआप होतं.

गुरुवार, २१ मार्च

काकांचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

"ताई, माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा. हात चुकायला लागलाय. मशीन चालू आहे, धूळ पुसून ठेवलं आहे. तळघराची किल्ली कॉलेजच्या कार्यालयात शनिवारी देईन. एकोणीस वर्षं बरं चाललं. तुमच्या आवृत्तीला शुभेच्छा."

रुसले. नाव काढल्याचं त्यांना दिसलं असणार. वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. नियम मी केलेला नाही. माणसं वय झालं की सन्मानाला इतकी का चिकटतात?

रात्री थोरल्यांना फोनवर वाचून दाखवलं.

"त्याच्याशी ठसा वाचलास?"

"नाही. वेळ—"

"मग तुझं सामान पोचलंय हे तुला सांगितलं कुणी?"

"तीस जणांनी."

"तीस जणांनी नाही गं. तीस प्रोग्रॅमनी. माणूस एकच होता."

मी म्हटलं, सकाळी करते. शनिवारची गोष्ट तेव्हा त्यांना सांगता आली असती. जिभेवर आली होती.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळचे सव्वानऊ

साडेआठला काकांना फोन लावला. ते तळघरातच होते, मागे पंख्याची घरघर.

"अहो तुम्ही कशाला त्रास घेतलात आज," म्हणाले. पण लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वाचा."

मी वाचलं. "सात, एफ, तीन, तीन."

तिकडे कागदाची सळसळ.

"काका?"

"परत एकदा."

"सात, एफ, तीन, तीन."

"माझ्याकडे नऊ, सी, शून्य, चार आहे," ते हळू म्हणाले. आणि मग, जणू आधीपासून ठाऊक असलेलं, "बघा. म्हणजे माझीच प्रत खराब. मी म्हटलंच होतं."

नऊ, सी, शून्य, चार हा ठसा मला ओळखीचा आहे. माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलाय. पंधरा तारखेच्या फाइलचा.

तेव्हा एकदम सगळं दिसलं. नाव तेच. आकार तोच, मी गोल केलेला. तारीख तीच, मी घातलेली, दुपारचे बारा. प्रोग्रॅम रोज पहाटे आले, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, काही बदललेलं नाही म्हणून निघून गेले. ठशाच्या फाइलचंही तेच. चौसष्ट अक्षरांच्या ओळी, लांबी सारखीच, तारीख सारखीच. जुन्या फाइलशेजारी जुना ठसा, वर माझी सही, आणि मशीन म्हणतंय सगळं ठीक. नऊ ठिकाणी.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, थोड्या वेळानं फोन करते," आणि ठेवला. त्यांची प्रत खराब नाही हे एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

पावणेतीन तास आहेत. दारं बाराला प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणे आपोआप उघडतात.

त्याच दिवशी, सायंकाळी पाच

ग्रंथालयात रजा टाकली. क्रमानं लिहिते.

मिररवाल्यांना पत्र लिहिलं. पहिला मसुदा "काही तांत्रिक कारणास्तव" असा सुरू झाला. खोडला. दुसऱ्यात "मूळ फाइल बदलण्यात आली होती" असं होतं. कुणी बदलली? वाऱ्यानं? तोही खोडला. तिसरा पाठवला:

"आज दार उघडू नका. १६ तारखेला मी मुख्य फाइल बदलली, नाव तेच ठेवलं आणि तुम्हाला कळवलं नाही. मी घातलेल्या तारखेमुळे काहींकडे जुनीच राहिली आहे. जुनी फाइल दोन डिस्कच्या मशीनवर भलतीच डिस्क पुसते. चूक माझी आहे."

साडेनऊला गेलं. मग काका सोडून ज्यांच्याकडे जुनी आहे त्या आठांना एकेक करून फोन. सहा भेटले. एक म्हणाला, "मी तर पोचलं म्हटलं होतं!" सातवा साडेअकराला भेटला. आठवा प्रवासात होता. त्याचं दार बाराला उघडलं आणि बारा-चाळीसला बंद झालं. मधल्या वेळात बासष्ट जणांनी फाइल नेली. आमच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत इशारा लावला, दोन डिस्कवाल्यांनी हात लावू नये म्हणून. अजून तरी नुकसान झाल्याचं कुणी कळवलेलं नाही. "अजून तरी" हे शब्द खोडावेसे वाटले, ठेवले.

थोरल्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "किल्ली परत पाठवू नकोस. तेवढ्यानं सुटका होत नाही." मग म्हणाले, "काकांना सांगितलंस?"

पत्र सगळ्यांना गेलंय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं. यादीतून नाव मीच काढलं होतं. एकतीस जणांत हे फक्त त्यांनाच माहीत नाही.

शनिवार, २३ मार्च

काका याच शहरात राहतात हे मला काल पत्ता काढताना कळलं. बसनं पस्तीस मिनिटं.

कॉलेजच्या फाटकाशी एक मोठं झाड आहे, त्याच्या बुंध्यावर छातीच्या उंचीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. पुढच्या झाडावरही. मला वाटलं तोडायची खूण. तळघराच्या अकरा पायऱ्या उतरून गेले. खोली लहान, पण इतकी स्वच्छ की चपला बाहेर काढाव्यात असं वाटलं. एक मशीन, एक टेबल, खिळ्याला लटकवलेली शिंपी वापरतात तसली मोजपट्टी, आणि पिशवीत सामान भरत असलेला बारीक चणीचा माणूस.

"मी ताई," मी म्हटलं.

"अरे," ते म्हणाले. "आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात."

खुर्ची एकच होती. ती मला दिली. मी काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले, माफी मागितल्यासारखे. दर आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी ते घरच्या मशीनवर स्वतः लावून बघतात. गेल्या रविवारीही लावली. दुसरी डिस्क पुसली गेली.

"मी नक्की पहिलीच निवडली होती असं मला वाटत होतं. पण मशीन कशाला खोटं बोलेल? दोन रात्री तेच आठवत बसलो, बोट कुठे होतं. मुलीला सांगितलं तर म्हणाली, बाबा, आता पुरे करा. तिचं बरोबर आहे. आज घरची डिस्क गेली, उद्या लोकांच्या फाइलींचा घोळ घालीन."

मी सांगितलं. गेल्या शनिवारपासून, क्रमानं, "बघते" म्हटलं त्यासकट. मध्ये थांबले नाही कारण थांबले असते तर सजवून सांगितलं असतं.

ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी पहिलीच निवडली होती."

"हो."

"आणि पुसली दुसरी."

"हो काका. माझ्या—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. मग पिशवीतून चहाचा कप काढून परत टेबलावर ठेवला. मग पंचा. मग पेनांचा डबा. एकेक वस्तू जागेवर ठेवत होते आणि तोंडानं म्हणत होते, "पहिलीच निवडली होती." ते हसत होते. मला वाटलं हा राग आहे आणि मी त्याची तयारी करून बसले. पण राग आलाच नाही. मला अजून नीट उलगडलेलं नाही. माझ्यामुळे त्यांचं इतकं गेलं, आणि ते मला पेढे वाटायच्या बेतात असल्यासारखे दिसत होते.

मी विचारलं, डिस्कवर काय होतं.

"फोटो होते, ते मुलीकडे आहेत. बाकी झाडांचं."

कॉलेजच्या आवारात एकेचाळीस झाडं आहेत. मिरर सुरू केला त्या वर्षापासून ते दर महिन्याला प्रत्येकाचा घेर मोजून लिहून ठेवत होते. एकोणीस वर्षं. पांढरे ठिपके मोजपट्टी नेमकी कुठे लावायची त्याचे.

"दुसरी प्रत?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर लाज वाटली.

"सगळ्या जगाच्या प्रती ठेवतो," ते म्हणाले, "आणि स्वतःची नाही. हे मात्र माझं. हे तुमच्या खात्यात नको."

"काका, ते परत मिळणार नाही."

"झाडं आहेत की जागेवर. आजचा घेर मिळेल. मागचा नाही मिळणार." त्यांनी खिळ्यावरची मोजपट्टी काढून बोटांवर गुंडाळली. "ही आता आकसलीय, हिच्यावर भरवसा नाही. नवी बघायला हवी."

निघताना त्यांनी मला थांबवलं, भिंतीवरचा फोन उचलून मुलीला लावला. मी पायऱ्या चढत होते तोवर ऐकू येत होतं. "अगं, मी नव्हतो. नाही, नाही, त्या स्वतः आल्यात सांगायला. पहिलीच निवडली होती मी."

रविवार, २४ मार्च

सकाळी "मोजमाप" डबा उघडला. आईच्या दोन मोजपट्ट्या आहेत, एक कोरी. काकांना द्यावी म्हणून आईला विचारायला गेले. ती खिडकीशी गोळीचं पाकीट हातात घेऊन तारीख वाचत बसली होती.

"आई, एक पट्टी मी नेऊ?"

"सापडल्या तर ने. मला विचारू नकोस कुठे आहेत. मला काही आठवत नाही."

पट्टी माझ्या हातात होती.

मग म्हटलं, "आई, पट्टी तू ठेवली नव्हतीस तिथे. कात्री पण नाही. मी आवरताना सगळं हलवलं. तू शोधलंस की काढून देत होते आणि परत तिथेच ठेवत होते. तुला सांगितलं नाही."

आईनं चष्मा कपाळावर सरकवला.

"चष्म्याचं घर?"

"इतर. 'इतर' नावाच्या डब्यात."

तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. "घे. आता या तू खा." आणि उठून आत गेली. अर्ध्या तासानं बघितलं तर जुना शिवणाचा डबा परत जागेवर, आत कात्री, दोरे, बटणं, पट्टी, सगळी खिचडी. वर माझीच एक चिठ्ठी चिकटवली होती, उलट्या बाजूनं तिच्या अक्षरात: हात लावू नये.

बुधवार, २७ मार्च

काकांचं नाव यादीत परत घातलं. नवी फाइल सोमवारी ठेवली, ७.०.१ नावानं. तिच्यावर ती बनली ती खरी वेळ आहे, सोमवार सकाळचे दहा वाजून बावीस मिनिटं. यादी पुन्हा पसरट दिसते. ठसे आता दर आवृत्तीला एकतीस जणांना तोंडी वाचून दाखवायचे, असं मी सगळ्यांना कळवलं. कुरकुर झाली. दोन दिवस फोनवर घसा बसला. तळघरकाकांनी पहिली चार अक्षरं ऐकून समाधान मानलं नाही, चौसष्टच्या चौसष्ट वाचून घेतली, आणि मध्ये एकदा माझी चूक काढली.

त्या बासष्टांपैकी एकाचं पत्र आलं. त्याची दुसरी डिस्क गेली. त्यावर त्याच्या वर्गाच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. तो शिक्षक आहे. त्याला मी उत्तर लिहिलं, त्यात कुठलंही कारण दिलं नाही, काय घडलं ते लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. कदाचित येणार नाही, आणि तो त्याचा हक्क आहे.

आज दुपारी बाराला दारं उघडली. तीस जणांचं "पोचलं" कालच आलं होतं. एकतिसावं साडेअकराला आलं. काकांनी एकोणीस वर्षांत या निरोपात एका शब्दापेक्षा जास्त कधी लिहिलं नव्हतं.

"पोचलं. फाटकाजवळचं झाड, दोनशे चौदा सेंटिमीटर."

माझ्या तक्त्यात झाडासाठी रकाना नाही. समासात लिहून ठेवलं, आणि त्याची एक प्रत काढून आईच्या डब्यात टाकली, बटणांच्या खाली.